दामोदर ते दक्षिण ध्रुव : एका जीवाश्माची साक्ष

दक्षिण आफ्रिकेतील कारू पठार, बंगालमधील दामोदर नदीचे खोरे आणि दक्षिण ध्रुवाजवळच्या ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांगा ही तीन ठिकाणे आज हजारो किलोमीटर रुंदीच्या महासागरांनी परस्परांपासून तोडलेली असली, तरी तिन्ही ठिकाणच्या खडकांत सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या एकाच प्राण्याची हाडे सापडतात. लिस्ट्रोसॉरस हे त्या प्राण्याचे शास्त्रीय नाव. त्याच्या बहुतेक जाती आकाराने डुकराएवढ्या होत्या. आखूड जाड पाय, कासवासारखी शिंगमय चोच आणि वरच्या जबड्यातून खाली आलेले दोन सुळे असे त्याचे रूप होते, आणि तो वनस्पतींवर जगत असे. असा प्राणी महासागर पोहून जाणे शक्य नव्हते. त्यामुळे तो तिन्ही ठिकाणी कसा पोहोचला, या प्रश्नाचे उत्तर शोधताना भूविज्ञानाला पृथ्वीच्या भूखंडांविषयीची आपली समजूतच अखेर बदलावी लागली. भूखंडे स्थिर नसून एकेकाळी एकत्र होती आणि नंतर सरकत दूर गेली, या कल्पनेला मराठीत खंडविप्लव म्हणतात. शालेय पुस्तकांत या कल्पनेचा पुरावा म्हणून जीवाश्मांचा, म्हणजे खडकांत शिळारूपाने टिकलेल्या जीवांच्या अवशेषांचा, उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो. परंतु हाड सापडण्यापासून ते हाड पुरावा ठरण्यापर्यंतचा प्रवास शंभर वर्षांहून अधिक काळाचा आहे आणि त्याचा बराचसा भाग भारताच्या भूमीवर घडलेला आहे.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. लिस्ट्रोसॉरस आणि त्याचे भाईबंद यांना जुन्या ग्रंथांत ‘सस्तनसदृश सरीसृप’ म्हटले जाई. कवटी व दात यांच्या रचनेवरून हा गट सरडे, मगरी, डायनोसॉर यांच्या शाखेतला नसून पुढे ज्या शाखेतून सस्तन प्राणी निर्माण झाले त्या शाखेतला होता, असे आजचे वर्गीकरण मानते. तरीही खंडविप्लवाच्या वादात ज्यांनी भाग घेतला ते सर्व अभ्यासक त्याला सरीसृपच म्हणत असल्याने, इतिहास सांगताना तो शब्द पूर्णपणे टाळता येत नाही.

भारतात या इतिहासाचा आरंभ कोळशाच्या शोधातून झाला. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले मोठे काम कोळसाक्षेत्रांचे नकाशे तयार करणे हे होते, आणि कोळशाच्या थरांच्या वर व खाली असलेले वालुकाश्म व शेल तपासताना पाने, माशांचे खवले आणि हाडे हाती येऊ लागली. सर्वेक्षणाबाहेर नागपुरातही जीवाश्म गोळा करण्याचे काम चालू होते. स्कॉटलंडहून १८४५ मध्ये आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूरच्या परिसरातील खडक व जीवाश्म चिकाटीने गोळा केले होते. वर्धा खोऱ्यातील मांगली येथे मिळालेल्या एका रुंद, चपट्या कवटीचे वर्णन १८५५ मध्ये लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी प्रसिद्ध केले आणि त्या प्राण्याला ब्रॅकिऑप्स असे नाव दिले. हा प्राणी खरे तर उभयचर होता, पण ओवेन यांनी त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याला सरीसृप म्हटले. भारतातील इतक्या प्राचीन भूचर कण्याच्या प्राण्यांच्या अभ्यासात महाराष्ट्राच्या भूमीतील हा नमुना अगदी आरंभीचा आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातच फारशी ठाऊक नाही.

पुढचा महत्त्वाचा शोध राणीगंज कोळसाक्षेत्रात लागला. तेथील सर्वेक्षण करणाऱ्या विल्यम ब्लॅनफर्ड यांनी कोळशाच्या थरांवर असलेल्या हिरवट-तांबूस खडकांच्या समूहाला जवळच्या टेकडीवरून पंचेत हे नाव दिले. त्या खडकांत मिळालेली मोडकीतोडकी हाडे थॉमस हेन्री हक्स्ले यांच्याकडे पाठवण्यात आली. हक्स्ले यांनी दक्षिण आफ्रिकेतील डायसिनोडॉन या अशाच एका सुळेवाल्या प्राण्याचे वर्णन १८५९ मध्ये केलेले होते. त्यामुळे १८६५ मध्ये पंचेतच्या हाडांचा अभ्यास मांडताना त्यांना तोच नमुना पुन्हा ओळखता आला आणि या प्राण्याला त्यांनी पूर्वेकडचा डायसिनोडॉन अशा अर्थाचे नाव दिले. लिस्ट्रोसॉरस हे नाव अमेरिकेतील एडवर्ड कोप यांनी १८७० मध्ये आफ्रिकेतील नमुन्यासाठी योजले, आणि पंचेतची हाडेही कालांतराने त्याच नावाखाली गेली. म्हणजे पुढे खंडविप्लवाची कल्पना मांडणाऱ्या आल्फ्रेड व्हेगेनर यांचा जन्मही झालेला नव्हता, तेव्हा भारत आणि आफ्रिका यांच्यातील हा दुवा छापून प्रसिद्ध झालेला होता.

त्याच दशकांत या खडकांच्या संपूर्ण मालिकेला एक सामायिक नाव मिळाले. सर्वेक्षणातील हेन्री मेडलिकॉट यांनी गोंड राजवटींच्या प्रदेशावरून तिला गोंडवन हे नाव सुचवले आणि ऑटोकार फाइस्टमांटेल यांनी ते १८७६ मध्ये छापील लेखनात आणले. या मालिकेच्या तळाशी एक चमत्कारिक थर होता. मातीत रुतलेले लहानमोठे दगडगोटे, काहींच्या पृष्ठभागावर ओरखडे, असे त्याचे स्वरूप होते आणि ते हिमनद्यांच्या गाळाशी जुळत होते. चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या पात्रात इरई गावाशी फ्रान्सिस फेडन यांना तर असे ओरखडे खालच्या चुनखडकावरच कोरलेले दिसले आणि त्यांनी १८७५ मध्ये त्यांचे वर्णन केले. विदर्भातील उन्हाळा ज्याने अनुभवला आहे त्याला तेथे एकेकाळी हिमनदी वाहत होती ही गोष्ट पटणे कठीणच. पण दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथेही त्याच काळातील तसेच थर आढळत होते, आणि त्यांच्यावरच्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीची जिभेच्या आकाराची पानेही सर्वत्र सारखीच होती.

या साम्याचा अर्थ एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी लावला नाही असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. त्यांनी अर्थ लावला, मात्र तो त्यांच्या काळच्या पृथ्वीविषयक कल्पनेत बसणारा होता. विल्यम यांचे बंधू हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८७५ मध्ये भारत व आफ्रिका यांना जोडणाऱ्या, हिंदी महासागरात बुडालेल्या एका भूमीची मांडणी केली. ऑस्ट्रियातील भूवैज्ञानिक एड्वार्ट झ्यूस यांनी पृथ्वीच्या स्वरूपावरील आपल्या प्रचंड ग्रंथात १८८५ पासून गोंडवनभूमी या नावाने याच विचाराला व्यापक रूप दिले. पृथ्वी थंड होत आकसते आहे आणि आकसताना तिच्या कवचाचे काही भाग खचून महासागरांच्या तळाशी जातात, असे तेव्हा मानले जाई. भूखंडांना जोडणाऱ्या अशा कल्पित जमिनींना भूसेतू म्हटले जाऊ लागले आणि जीवाश्मांचे प्रत्येक नवे साम्य समजावून सांगण्यासाठी नकाशावर एक नवा भूसेतू काढला जाऊ लागला.

या विचारातली अडचण जीवाश्मांनी नव्हे तर गुरुत्वाकर्षणाच्या मोजमापांनी दाखवून दिली. भूखंडांचे खडक महासागराच्या तळाखालील खडकांपेक्षा हलके असतात आणि ते खालच्या जड, घन द्रव्यावर तरंगत असल्यासारखे समतोल राखून असतात, हे विसाव्या शतकाच्या आरंभी स्पष्ट झाले होते. एवढा मोठा हलका भूभाग खोल समुद्राच्या तळाशी जाऊन बसणे अशक्य होते. जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड व्हेगेनर यांनी १९११ मध्ये अटलांटिकच्या दोन्ही काठांवरील जीवाश्मांच्या साम्याविषयीचे लेखन वाचले, तेव्हा त्यांना ही दोन तथ्ये परस्परविरोधी दिसली. प्राणी जमिनीवरून गेले हे खरे आणि जमीन बुडाली नाही हेही खरे असेल, तर जमीन सरकली एवढाच मार्ग उरत होता. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफर्ट येथील व्याख्यानात त्यांनी हा विचार प्रथम मांडला आणि १९१५ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. व्हेगेनर यांची खरी कामगिरी नवी हाडे शोधण्यात नव्हती. भूसेतूंचा आधार काढून घेतल्यावर जुन्या हाडांना नवे स्पष्टीकरण लागते हे त्यांनी ओळखले, यात ती होती.

या वादात मेसोसॉरस या दुसऱ्या प्राण्याला मोठे स्थान मिळाले, आणि त्याची हकिकत थोडी सावकाश पाहण्यासारखी आहे. सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी जगलेला हा पाण्यातला सडपातळ सरीसृप जेमतेम मीटरभर लांबीचा असून त्याच्या लांब जबड्यात सुईसारखे दात होते. फ्रान्समधील पॉल झर्वे यांनी १८६५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नमुन्यावरून त्याचे वर्णन केले, आणि पुढे ब्राझीलमधील कोळसाक्षेत्रांची पाहणी करताना तेथील इराती नावाच्या शेलमध्येही त्याचे सांगाडे मिळाले. तो गोड्या पाण्यातला प्राणी असल्याने खारा अटलांटिक ओलांडू शकला नसता, असा युक्तिवाद पाठ्यपुस्तकांतून आजही केला जातो. परंतु ज्या जलाशयात हे थर साचले तो बराच खारट असावा, असे उरुग्वेतील अलीकडच्या अभ्यासातून दिसून आल्याने युक्तिवादाचा हा भाग आता डळमळीत झाला आहे. तरीही मेसोसॉरसची साक्ष खोटी ठरत नाही, आणि याचे श्रेय दक्षिण आफ्रिकेचे भूवैज्ञानिक अलेक्झांडर डू टॉइट यांना द्यावे लागते. त्यांनी १९२३ मध्ये वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या साहाय्याने दक्षिण अमेरिकेचा दौरा केला आणि १९२७ मध्ये दोन्ही भूखंडांच्या भूरचनेची तुलना प्रसिद्ध केली. एखादा प्राणी दोन्हीकडे आहे एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्या तैलयुक्त काळ्या शेलमध्ये मेसोसॉरस सापडतो तो शेल, त्याखालचा हिमनद्यांचा गाळ, त्यावरचे ग्लॉसोप्टेरिसचे व पुढे भूचर प्राण्यांचे थर आणि शेवटी सर्वांवर पसरलेले लाव्हाचे खडक, ही सारी मालिका दोन्ही किनाऱ्यांवर त्याच क्रमाने येते, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहून नोंदवले. एकटा प्राणी वाहत जाऊन दुसऱ्या किनाऱ्याला लागू शकतो, पण थरांची संपूर्ण मालिका वाहत जात नाही. जीवाश्माचे निम्मे मोल तो ज्या थरात असतो त्या थरात असते, हे तत्त्व या वादात डू टॉइट यांच्याइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी वापरले असेल.

असे असूनही पुराजीवविज्ञानातील, विशेषतः अमेरिकेतील, बहुतेक अधिकारी मंडळी खंडविप्लवाच्या विरोधातच राहिली. न्यूयॉर्कच्या अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील विल्यम डिलर मॅथ्यू यांनी हवामान व उत्क्रांती या विषयावरील १९१५ च्या प्रबंधात असे प्रतिपादन केले होते की प्राण्यांचे गट उत्तरेकडील भूखंडांत निर्माण होऊन दक्षिणेकडे पसरले आणि त्यासाठी भूखंडे हलवण्याची गरज नाही. जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी १९४३ मध्ये सस्तन प्राण्यांच्या वितरणाच्या आधारे हीच बाजू अधिक काटेकोरपणे मांडली. त्यांचे गणित चुकलेले नव्हते. पण ज्या सस्तन प्राण्यांचा त्यांनी विचार केला त्यांचा मोठा विस्तार भूखंडे वेगळी झाल्यानंतरचा असल्याने त्या गणितातून त्याआधीच्या स्थितीबद्दल फारसे निष्पन्न होत नव्हते. खुद्द लिस्ट्रोसॉरसनेही खंडविप्लववाद्यांना पेचात टाकले, कारण १९३० च्या दशकात त्याची हाडे चीनच्या शिनजियांग प्रांतात मिळाली. गोंडवनभूमी व उत्तरेकडील आशिया यांच्यामध्ये टेथिस हा विस्तीर्ण समुद्र होता, अशी सर्वमान्य समजूत होती. मग दक्षिणेचा हा प्राणी तेथे कसा गेला, असा प्रश्न विरोधकांनी केला आणि तो रास्तही होता. त्याचे उत्तर पुढे असे मिळाले की त्या काळी सर्वच भूखंडे पॅन्जीया या एका महाखंडात सांधलेली होती आणि टेथिसला वळसा घालून जमिनीवरून उत्तरेकडे जाता येत होते. यावरून असेही मान्य करावे लागते की लिस्ट्रोसॉरस एकट्या गोंडवनभूमीची नव्हे, तर समग्र पॅन्जीयाची साक्ष देतो.

निर्णायक कलाटणी हाडांनी दिली नाही, हेही येथे सरळपणे सांगितले पाहिजे. लाव्हा थंड होताना त्यातील लोहयुक्त खनिजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा टिपून ठेवतात, आणि त्या दिशेवरून तो लाव्हा कोणत्या अक्षांशावर थिजला हे काढता येते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील गटाने १९५६ मध्ये दख्खनच्या बेसाल्टवरील अशी मोजमापे प्रसिद्ध केली. सह्याद्रीचे काळे कातळ थिजले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेस होता, असे त्यांतून दिसले. १९६३ मध्ये फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी महासागरतळावरील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला आणि समुद्राचा तळ पसरतो हे सिद्ध होऊ लागल्यावर भूखंडे सरकवणारी यंत्रणा कोणती, हा व्हेगेनर यांना अखेरपर्यंत छळणारा प्रश्नही सुटण्याच्या मार्गाला लागला.

याच सुमारास अंटार्क्टिकातून बातमी आली. त्या खंडाची जागा गोंडवनभूमीच्या प्रत्येक नकाशात मधोमध होती, पण तेथे भूचर कण्याच्या प्राण्याचे एकही हाड मिळालेले नव्हते. दक्षिण ध्रुवावर गेलेल्या रॉबर्ट स्कॉट यांच्या तुकडीने १९१२ मध्ये परतीच्या जीवघेण्या वाटेवरही सोबत बाळगलेल्या खडकांत ग्लॉसोप्टेरिसची पाने होती. मात्र वनस्पतींच्या बिया वाऱ्याने जाऊ शकतात, असे म्हणण्याची सोय विरोधकांना होती. डिसेंबर १९६७ मध्ये न्यूझीलंडचे पीटर बॅरेट यांना ग्रॅफाइट पीक येथे जबड्याचा एक तुकडा मिळाला आणि तो एका प्राचीन उभयचराचा असल्याचे पुराजीववैज्ञानिक एडविन कोलबर्ट यांनी ठरवले. त्यानंतर डेव्हिड एलिएट यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत कोलबर्ट स्वतः गेले. स्कॉट ज्या बियर्डमोर हिमनदीच्या वाटेने परतत होते त्याच परिसरातील कोलसॅक ब्लफ या कड्यात, ८४ अंश दक्षिण अक्षांशाच्या पलीकडे, नोव्हेंबर १९६९ मध्ये हाडे मिळाली, आणि डिसेंबरमध्ये त्यांतील सुळ्यासह असलेला जबड्याचा तुकडा लिस्ट्रोसॉरसचा म्हणून ओळखला गेला. १९७० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

कोलबर्ट यांनीच हा शोध जाहीर करावा याला विशेष अर्थ आहे. ते अमेरिकन संग्रहालयाच्या परंपरेत वाढलेले होते, भूखंडे स्थिर मानणारे मॅथ्यू त्यांचे सासरे होते, आणि त्यांचे आरंभीचे मोठे काम भारतातीलच शिवालिक टेकड्यांतील सस्तन जीवाश्मांवरचे होते. ज्या विचारात आपली जडणघडण झाली तो पुराव्यापुढे बाजूला ठेवण्यास मोठी प्रामाणिकता लागते, आणि कोलबर्ट यांनी ती दाखवली. पंचेतच्या हाडांपेक्षा कोलसॅकची हाडे अधिक चांगली होती असे नाही. ती जेथे असायला हवीत असे सिद्धान्त सांगत होता, नेमकी तेथे ती मिळाली, आणि कारूमधल्याप्रमाणेच ट्रायासिक काळाच्या आरंभीच्या नदीगाळाच्या थरांत मिळाली, म्हणून त्यांना पुराव्याचे मोल आले.

हाड कोठे व कोणत्या हाडांसोबत मिळाले याचे मोल किती असते, या दृष्टीने पाहिल्यास प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातील एक प्रकरण मोठे उद्बोधक आहे. आज तेलंगणात असलेल्या मालेरी येथील जीवाश्मांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणाऱ्या आरंभीच्या लोकांत हिस्लॉप होते. १८६३ मध्ये नागपूरजवळ बोरी येथे पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला, आणि १८८५ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी मालेरीच्या हाडांवरून मगरीसारख्या एका प्राण्याला पॅरासुकस हिस्लॉपी हे नाव देऊन त्यांची स्मृती जपली. पुढे असे लक्षात आले की सुट्या हाडांच्या त्या संचात दोन वेगळ्या प्राण्यांचे अवशेष मिसळले होते, आणि त्यातील कवटीचा भाग हायपरोडापेडॉन या चोचीच्या सरीसृपाचा होता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांनी थरातून काळजीपूर्वक काढलेला संपूर्ण सांगाडा उपलब्ध झाल्यावर, शंकर चॅटर्जी यांच्या प्रस्तावानुसार तो या जातीचा नवा आदर्श नमुना ठरवण्यात आला आणि शतकभराचा घोळ मिटला. हायपरोडापेडॉन स्वतः स्कॉटलंड, ब्राझील, अर्जेंटिना व टांझानिया येथेही सापडतो. म्हणजे लिस्ट्रोसॉरसनंतर सुमारे दोन कोटी वर्षांनीही पॅन्जीया अभंग होता, या निष्कर्षाला आधार देणाऱ्या या प्राण्याच्या कवटीचा एक भाग हाडांच्या सरमिसळीमुळे काही काळ चुकीच्या नावाखाली पडून राहिला होता.

याच खोऱ्यात प्राणहिता नदीच्या डाव्या तीरावर, गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात कोटा हे गाव आहे. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांत पलीकडच्या तीरावर पोचमपल्ली येथे बारापासॉरस या प्रचंड डायनोसॉरची तीनशेच्या आसपास हाडे १९६० च्या सुमारास मिळाली, आणि सिरोंचाजवळ वडधम येथे वन विभागाने जीवाश्म उद्यान उभारले आहे. वर्धा, पैनगंगा आणि प्राणहिता यांच्या काठी अशी हाडे व शिळारूप झालेली लाकडे आजही पावसाळ्यानंतर उघडी पडतात. ती उचलून घरी आणली किंवा हौसेने खणून काढली, तर हाड हाती राहते पण ते कोणत्या थरात, कोणाशेजारी पडले होते ही माहिती कायमची नाहीशी होते, आणि ज्या माहितीमुळे दामोदरचा एक जबडा दक्षिण ध्रुवाजवळच्या जबड्याशी जोडता आला ती हीच होय. म्हणून चंद्रपूर, यवतमाळ आणि गडचिरोली जिल्ह्यांतील वाचकांनी, शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी असे काही दिसल्यास ते जागचे हलवू नये, जागेची नोंद व छायाचित्र घ्यावे आणि वन विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर येथील कार्यालयाला कळवावे.